कोलोनचा शिक्षक : जॉर्ज सायमन ओहम

जर्मनींतील एर्लांगेन ह्या गांवीं ता. १६ मार्च १७८९ रोजीं कुलपें करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं जॉर्ज सायमन ओहम ह्याचा जन्म झाला. बाप योहान वोल्फगांग ह्यास रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें. पण स्वतःच्या हिमतीवर तो पुष्कळ शिकला होता, आणि धंदा सांभाळून आपल्या दोघां मुलांस गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र तो स्वतः शिकवी. जॉर्ज दहा वर्षांचा असतां आई वारली. सात भावंडांपैकीं तिघेंच जगलीं. त्यांतील धाकटा मार्टिन हाही पुढें नामांकित गणिती झाला.

१८०५ सालीं जॉर्ज एर्लांगेनच्या विश्वविद्यालयांत दाखल झाला, आणि तेथें अभ्यासापेक्षां नाच, बिलियर्ड व बर्फावर घसरण्याचा खेळ ह्यांतच त्याचें मन अधिक रमलें. बाप संतापला. मुलास मिळालेली संधि, जी आपणांस कधीं मिळाली नाहीं, ती तो अशी उधळतो हें त्यास पाहवेना. तीन सत्रांनंतर त्यानें मुलास विद्यालयांतून काढून स्वित्झर्लंडांत एका शाळेवर गणित शिकविण्यास धाडलें. आमच्या पालकवर्गांतील कित्येकांस हा प्रसंग परका वाटणार नाहीं. सतरा वर्षांच्या त्या मुलानें तेथें स्वतःच्या बळावर ऑयलर व लाप्लास ह्यांचे ग्रंथ वाचून काढले, आणि १८११ सालीं परत येऊन डॉक्टरची पदवी मिळविली. पुढील कांहीं वर्षें हलाखीचीं गेलीं. बांबर्ग येथील ज्या शाळेंत नोकरी मिळाली ती १८१६ सालीं बंदच पडली. १८१७ सालीं त्यानें भूमितीवर एक लहानसें पुस्तक लिहिलें व त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठविली. त्याच वर्षीं कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा त्यास मिळाली.

ह्या शाळेची प्रयोगशाळा चांगली सज्ज होती. शिवाय बापाच्या कारखान्यांत हातास लागलेलें वळण होतें. उपकरण बिघडलें किंवा नवें हवें झालें तर ओहम तें स्वतः घडवी. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या मुलांत डिरिश्ले हा पुढें जगद्विख्यात गणिती झाला. पण शिकविण्यावर ओहमचें समाधान नव्हतें.

१८२० सालीं ओर्स्टेड ह्यानें असें दाखविलें होतें कीं, विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई फिरते. तेव्हां सुई किती फिरली ह्यावरून प्रवाह किती हें मोजतां येऊं लागलें. ओहमनें प्रश्न घेतला तो साधा होता : तार लांब केली तर प्रवाह किती कमी होतो? साधा खरा, पण उत्तर सांपडेना. त्या काळच्या विद्युत्‌घटांचा प्रवाह जोडतांक्षणीं जोरांत येई आणि मग ओसरत जाई. एक तार मोजून दुसरी लावीपर्यंत मूळ घटच बदललेला असे. १८२५ सालीं ओहमनें आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील सूत्र चुकीचें होतें.

तेव्हां पदार्थविज्ञानाच्या एका प्रमुख मासिकाचा संपादक पोगेनडोर्फ ह्यानें त्यास सुचविलें कीं, घट सोडून द्यावा आणि सीबेकनें १८२१ सालीं शोधून काढलेली उष्णतेपासून वीज उत्पन्न करण्याची रीत वापरून पाहावी. ओहमनें बिस्मथची कांब घेऊन तिच्या दोन टोकांस तांबें जोडलें. एक सांधा उकळत्या पाण्यांत, दुसरा बर्फांत. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोंवर दोन्ही सांध्यांचें तापमान बदलत नाहीं, आणि म्हणून विजेचा जोरही बदलत नाहीं. मग सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, एकामागून एक लावून त्यानें सुईचें वळण मोजलें. आंकडे एका ओळींत बसले. १८२६ सालीं जगास नियम मिळाला : विजेचा दाब जितका अधिक तितका प्रवाह अधिक, आणि वाटेंतील रोध जितका अधिक तितका प्रवाह कमी. माझ्या मतें ओहमची थोरवी ह्या सूत्रापेक्षां त्या एका निर्णयांत अधिक आहे : तारांवर संशय न घेतां त्यानें आधीं विजेचा उगम स्थिर केला.

हा नियम आजच्या विद्यार्थ्यास कसा उपयोगीं पडतो हें पाहण्यास दूर जावयास नको. प्रदर्शनासाठीं मुलें घरीं चार आंकड्यांचें घड्याळ किंवा धावफलक करितात. प्रत्येक आंकडा एलईडीच्या सात पट्ट्यांचा असतो. तारा वांचविण्यासाठीं चारी आंकड्यांच्या सारख्या पट्ट्या एकत्र जोडतात, आणि प्रत्येक आंकड्याच्या सामाईक ऋण टोकावर एक एनपीएन ट्रान्झिस्टर ठेवून एका वेळीं एकच आंकडा पेटवितात. हा फेरा सेकंदास शंभर वेळां झाला म्हणजे चारी आंकडे एकदम पेटल्यासारखे डोळ्यास भासतात. आतां पुष्कळदां असें होतें कीं, १ झगझगीत दिसतो आणि ८ मात्र मंद. मुलें एलईडी बदलतात, प्रोग्रॅम पुन्हां पुन्हां तपासतात, आणि दोष जेथल्या तेथें राहतो. येथें ओहमचा हिशेब करावा. प्रत्येक पट्टीस १० मिलिअँपिअर धरले, तर १ च्या दोन पट्ट्यांचे २० आणि ८ च्या सात पट्ट्यांचे ७० मिलिअँपिअर त्या एकट्या ट्रान्झिस्टरांतून जावयाचे. त्याच्या बेसला ५ व्होल्टांपासून २२ किलोओहमचा रोधक लावला असेल, तर बेस व एमिटर ह्यांमधील ०.७ व्होल्ट वजा जातां ४.३ उरतात, त्यांस २२,००० नें भागिलें म्हणजे बेसचा प्रवाह जेमतेम ०.२ मिलिअँपिअर येतो. ट्रान्झिस्टरनें त्याचे दोनशेंपट केले तरी ४० च होतात. १ ला तेवढे पुरतात, ८ ला पुरत नाहींत. स्विच म्हणून वापरलेला ट्रान्झिस्टर पुरता चालू व्हावा ह्यासाठीं बेसला मुख्य प्रवाहाचा सुमारें दहावा हिस्सा देतात. येथें तो ७ मिलिअँपिअर, म्हणजे रोधक सुमारें ६०० ओहमचा; बाजारांत मिळणारा ५६० चा चालेल.

दोष हाच कीं दुसरा, हें ठरविण्यास कलेक्टर व एमिटर ह्यांमधील व्होल्ट मोजावे. ट्रान्झिस्टर पुरता चालू असेल तर ते दोन-तीन दशांशांहून अधिक भरत नाहींत. एकाच्या वर गेले तर बेसचा रोधक बदलावा. मात्र फेरा चालू असतां साध्या मीटरवर विसंबूं नये, कारण तो चारी पाळ्यांची मिळून सरासरी दाखवितो. प्रोग्रॅमकडून एकच ८ स्थिर पेटवून घ्यावा आणि मग मोजावें. बदलत्या प्रवाहावर मोजमाप करणें हीच अडचण १८२५ सालीं ओहमला नडली होती.

नियमामागील सारें गणित ओहमनें १८२७ सालीं बर्लिन येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यासाठीं त्यानें अर्ध्या पगारावर वर्षभर रजा घेतली होती, आणि ह्या ग्रंथावर विश्वविद्यालयांत जागा मिळेल अशी त्याची आशा होती. पण पदार्थविज्ञानांत इतकें गणित त्या वेळच्या जर्मन पंडितांस रुचलें नाहीं. कांहींनीं कडक टीका केली, बहुतेकांनीं लक्षच दिलें नाहीं. १८२८ सालीं त्यानें कोलोनची नोकरी सोडली. त्यानंतरचीं पांच वर्षें बर्लिनमध्यें किरकोळ शिकवणीवर गेलीं, आणि १८३३ सालीं न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेंत त्यास स्थिर जागा मिळाली. मायदेशानें न दिलेला मान लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं कॉप्ले पदक देऊन दिला. विश्वविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचें अध्यासन त्यास मिळालें तें १८५२ सालीं, म्यूनिक येथें. तेव्हां तो त्रेसष्ट वर्षांचा होता. दोन वर्षांनीं, ता. ६ जुलै १८५४ रोजीं, तेथेंच त्याचा अंत झाला. त्यानें विवाह केला नव्हता.

१८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्‌शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें रोधाच्या एककास त्याचें नांव दिलें.