नगरांचे वैद्य : प्रा. पॅट्रिक गेडीस

आपल्या मंडळाच्या सभांतून केवळ आपल्याच लोकांसाठी वसाहत वसवावी, असा विषय अधूनमधून निघत असतो. पूर्वी एकदा मीही त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. पुढे निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली आणि ज्यांच्या चरित्राने तो हात मला जड वाटू लागला, त्या गृहस्थांची ओळख येथे करून देत आहे. स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील थोरांची चरित्रे येतात. हे गृहस्थ ज्ञातीचे नव्हते, देशाचेही नव्हते. वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. बालपण पर्थ येथे गेले. लंडन येथे हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकावरील दीर्घ काम कायमचे सुटले आणि त्यांची नजर माणसांच्या वस्तीकडे वळली.

एडिंबरो शहराचे तेव्हा दोन तुकडे झालेले होते. अठराव्या शतकात नवे नगर वसले, तशी सधन मंडळी तिकडे राहावयास गेली आणि टेकडीवरच्या जुन्या नगरात दरिद्री लोक दाटीवाटीने उरले. १८८६ मध्ये गेडीस यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला आणि या दांपत्याने बिऱ्हाड केले ते त्या जुन्या नगरातील जेम्स कोर्ट या कळकट वाड्यात! शेजाऱ्यांना उपदेश न करता दोघांनी स्वतः झाडलोट केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारी हाताशी आले. पुढे गेडीस यांनी याच वस्तीत विद्यार्थ्यांसाठी निवास उभारले, प्राध्यापकांसाठी घरे बांधविली. सधन आणि निर्धन पुन्हा एका गल्लीत नांदावेत, हा त्यांचा हेतू होता.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात यावयास निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. गृहस्थ डगमगले नाहीत. नवे नकाशे व चित्रे जमवून १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन मांडले.

त्या काळी आपली शहरेही दुभंगलेलीच होती. एका अंगास छावणी, रुंद रस्ते आणि साहेबांचे बंगले. दुसऱ्या अंगास जुने गाव. त्या गावातही पुन्हा जातवार आळ्या, आणि सफाईचे काम करणारी कुटुंबे सर्वांत शेवटी, कडेला. १८९६ च्या प्लेगनंतर सुधारणेचा अर्थ एकच उरला होता : दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येतील ती घरे पाडावयाची. उठविलेले गरीब शेजारच्या गल्लीत कोंबले जात, म्हणजे रोग केवळ जागा बदलीत असे. गेडीस स्वतः गल्लीबोळांतून पायी हिंडत. पडके घर तेवढे काढावे, मोकळ्या तुकड्याचा चौक करावा, विहीर व झाड राखावे, नांदते घर पाडू नये, अशी त्यांची चिकित्सा होती. तंजावर, मदुरा, लखनौ आदी अनेक नगरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले.

१९१७ साल त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेर फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. पत्नी तेव्हा हिंदुस्थानात आजारी होत्या, म्हणून ही बातमी त्यांनी तिच्यापासून लपविली. जूनमध्ये त्या बाई कलकत्त्यास वारल्या, मुलगा गेल्याचे न कळताच. अशा मनःस्थितीत त्यांनी इंदूरचे काम चालविले. १९१८ चा त्यांचा दोन खंडांचा इंदूर अहवाल प्रसिद्ध आहे. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती तेथील दिवाळी.

गेडीस दिसले की आता घरे पडणार, या भीतीने लोक त्यांच्याकडे रोषाने पाहत. हे कळताच त्यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गाने न जाता, जेथे घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त होतील त्या रस्त्यांनी जाईल. झाले! सारे शहर झाडू लागले. मिरवणुकीत हत्ती होते, लक्ष्मी होती, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि त्यांच्याबरोबर सफाई करणारे स्त्रीपुरुष शुभ्र वस्त्रांत, गळ्यात हार घालून चालले होते. अधिकाऱ्यांची पागोटी ज्या रंगाची, त्याच रंगाची पागोटी गेडीस यांनी परवानगी मिळवून त्यांच्याही मस्तकी चढविली. रात्री तो उंदीर जाळण्यात आला.

मात्र पागोटे त्या दिवसापुरते होते. झाडू पुन्हा त्याच हातांत राहिला, घरेही गावाच्या कडेलाच राहिली. जातिभेदाच्या मुळावर घाव घालण्याचे काम गेडीस यांनी केले नाही, हे त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मला लिहिले पाहिजे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे ते पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांची निवड करून त्यांना विलायतेस उच्च अभ्यासासाठी धाडण्यात त्यांचा वाटा होता. १९२४ मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांनी मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी निवास उभारला. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. डॉ. घुर्ये यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.