पंडिता रमाबाई आणि हातांची विद्या

शाळेत मुलांची नावे घालावयास येणारे पालक पुष्कळदा एक इच्छा बोलून दाखवितात. आपला जन्म कोयत्यात गेला, मुलाच्या हाती मात्र लेखणी यावी, अशी ती इच्छा असते. चकलांब्याकडील व एकंदर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी पाऊसकाळ संपला की बिऱ्हाड पाठीशी बांधून ऊसतोडीस परमुलखी जातात. अशा आईबापांच्या मुखी ही इच्छा शोभते, आणि ती पुरी करणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु तिच्या पोटी एक चूक लपलेली असण्याचा संभव असतो. लेखणी धरणारा हात तेवढा श्रेष्ठ आणि काम करणारा हात हीन, असे मुलास वाटू लागले तर त्याची विद्या अर्धीच राहिली म्हणावयाची. ज्या थोर स्त्रीने ही चूक प्रथम स्वतःच्या घरात पाहिली, तिचे मोल उपासमारीने चुकविले, आणि पुढे परदेशाहून परतल्यावर सारे आयुष्य ती दुरुस्त करण्यात वेचले, तिचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा तेव्हाचा दंडक असता शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती भाषा शिकविली, आणि लोकांचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी मुलीस मांडीशी घेऊन शिकविले. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराणे सांगून निर्वाह करू लागले.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणाऱ्या लोकांच्याच घरी दाणा उरला नाही. शास्त्रीबोवांच्या घरात विद्येची रास होती, परंतु पोट भरण्याजोगा एकही धंदा कोणास येत नव्हता. मोलमजुरी करण्याची लाज वाटे आणि भीक मागण्यास अभिमान आड येई. किडूकमिडूक विकून झाले, अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडीही गेली. रानातील पाने व फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. त्यातच वृद्ध वडील गेले, थोड्याच अवधीत आई गेली, आणि थोरली बहीणही अंतरली. उरली ती दोन भावंडे, श्रीनिवास व रमा. त्यांनी पायी हजारो मैल हिंदुस्थान तुडविला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नसल्यामुळे वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती झोपली. डोके ज्ञानाने भरलेले आणि हात रिकामे, ह्या स्थितीचा हा अनुभव रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ ह्या अनुभवात आहे, असे मला वाटते.

1878 मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी, जातिभेद बाजूस सारून, विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि 1882 च्या आरंभी पटकीच्या विकाराने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत ह्या बाईने आईबाप, बहीण, भाऊ व पती ह्यांचे मृत्यू पाहिले होते. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी, ह्या हेतूने 1883 मध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या.

वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. तेथील भगिनी पतित व अनाथ स्त्रियांची सेवा करीत. ती सेवा पाहून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला. ज्या वाटेने जावयाचे म्हणून समुद्र ओलांडला ती वाटच बंद झाली. दुसरी एखादी स्त्री खचली असती. रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या व स्वतःही शिकत राहिल्या.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, परंतु तेथे त्या सुमारे तीन वर्षे राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला. ही पद्धत फ्रेबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने घालून दिली होती. मुलाने आधी हाताने करावे आणि करता करता समजून घ्यावे, हे तिचे सार होय. कागदाच्या घड्या घालणे, रंगीत पट्ट्यांची चटई विणणे, ओल्या मातीचे आकार करणे, ठोकळे रचणे, ह्यांतून मुलास मोजमाप, नीटनेटकेपणा व विचार शिकविला जातो. ज्यांचे सारे शिक्षण पाठांतराने झाले होते त्या पंडितेने तिशीच्या घरात आल्यावर लहान मुलांप्रमाणे कागद दुमडण्याची व पट्ट्या विणण्याची ही विद्या आत्मसात केली. हाती रिकामेपण म्हणजे काय हे ज्याने भोगले आहे, त्यालाच ह्या धड्याची किंमत कळावी. 1887 मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टन येथे त्यांच्या नावाची सभा स्थापन होऊन तिने हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेस दहा वर्षे साह्य देण्याचे मान्य केले. जपानमार्गे प्रवास करून 1889 च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईस उतरल्या.

परदेश पाहून आलेल्या माणसाची परीक्षा तो परत आल्यावर होते. रमाबाईंचे व्याख्यान ऐकावयास लोक गर्दी करीत, आणि केवळ प्रवासाच्या गोष्टी सांगून त्यांस सुखाने राहता आले असते. अमेरिकेच्या प्रवासाचे वृत्त त्यांनी त्याच वर्षी मराठीत प्रसिद्ध केले, आणि मग त्या नित्याच्या कामास लागल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा मुलगी गोदूबाई. तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी, आनंदीबाई कर्वे, म्हणून महाराष्ट्रास माहीत झाली. 1890 मध्ये सदन पुण्यास आले. इतकी वर्षे परदेशी राहूनही बाईंचा पोशाख पांढऱ्या साध्या लुगड्याचाच राहिला व आहार शाकाहारीच राहिला. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, हे त्यांनी व्याख्यानाने न सांगता रोजच्या वागण्याने दाखविले.

त्यांच्या मार्गात मोठे वादळ उठले ते 1893 मध्ये. सदनात कोणावर धर्माची सक्ती व्हावयाची नाही असे ठरले होते. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ह्यामुळे वचन मोडले असे पुष्कळांस वाटले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आपण कोणावर जबरदस्ती केली नाही, परंतु स्वतःच्या प्रार्थनेचे दारही लावणार नाही, अशी बाईंची भूमिका होती. ख्रिस्ती शाळेतील शिक्षक ह्या नात्याने ह्या प्रसंगाचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आपली मुलगी परक्याच्या हाती सोपविणाऱ्या आईबापांची काळजी खोटी नव्हती, आणि बाईंची श्रद्धाही खोटी नव्हती. त्या काळजीचा मान राखणे आणि श्रद्धा न लपविणे, ही दोन्ही कर्तव्ये एकदम पाळणे किती कठीण असते, हे त्या प्रकरणावरून शिकावे. जी माणसे गेली त्यांविषयी कटुता न धरता, उरलेल्या मुलींस घेऊन बाईंनी काम चालू ठेवले.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. माळरानाची ती जागा. तेथे विहिरी खणल्या, फळझाडे लावली. इतक्यात 1896-97 चा दुष्काळ मध्यप्रांतात आला. ती बातमी ऐकताच बाईंस आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, रोगी, निराश्रित अशा शेकडो मुलींस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे त्यांस केडगावी न्यावे लागले. ह्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शारदा सदन उच्च जातींच्या विधवांसाठी सुरू झाले होते. मुक्तीत मात्र सर्व जातींच्या मुली एका पंगतीस बसू लागल्या.

दोन हजार माणसांचे घर म्हणजे एक गावच. रोज उठून किती पीठ दळावयाचे, किती पाणी ओढावयाचे, किती वस्त्रे धुवावयाची, ह्याचा विचार करून पाहा. बाईंनी ह्या रोजच्या गरजांचीच शाळा केली. माग बसविले आणि मुली आपली लुगडी आपण विणू लागल्या. घाणा आणला आणि गळिताचे तेल घरी निघू लागले. पेंड गुरांस गेली, गुरांचे दूध आजारी मुलांस गेले, शेण शेतास गेले. शिवणकाम, भरतकाम, स्वयंपाक, धोबीकाम व शेती, ज्या मुलीस जे साधेल ते तिने शिकावे, आणि लिहिणे-वाचणे तर सर्वांनीच. ह्या उद्योगांवर सारा खर्च भागत नसे. देणग्यांचा आधार लागे, आणि बाईंचा भरवसा प्रार्थनेवर असे. परंतु येथून बाहेर पडणारी मुलगी पुन्हा दुष्काळ पडला तरी असहाय्य राहू नये, ही त्यांची दृष्टी होती. आपल्या आईबापांच्या घरी जे नव्हते, ते त्या परक्यांच्या मुलींस देत होत्या.

ह्या सर्व उद्योगांत छापखाना विशेष होता. त्या काळी छपाईसाठी शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, हाताने उचलून ओळीत बसवावा लागे. खिळ्यावरील अक्षर उलटे असते, ते ओळखावे लागते. इंग्रजीची सव्वीस अक्षरे, परंतु आपल्या लिपीत जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या ह्यांमुळे खिळ्यांची घरे कितीतरी अधिक. जिला काही वर्षांपूर्वी अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, अशी दुष्काळातून वाचलेली मुलगी त्या घरांपुढे उभी राहून मराठी पाने जुळवू लागली. जुळवणी, छपाई, बांधणी ही सारी कामे स्त्रियांनीच केली.

त्याच छापखान्यातून बाईंचे शेवटचे मोठे काम बाहेर पडले. पवित्र शास्त्राचे भाषांतर साध्या माणसास कळेल अशा मराठीत असावे, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि 1904 च्या सुमारास हाती घेतलेले हे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. संस्कृतचे भूषण मिरविणे त्यांस सहज शक्य होते, पण त्यांनी मुद्दाम सोपे शब्द निवडले. घाण्यावरील बाईस जे कळणार नाही ते भाषांतर त्यांस नको होते.

कन्या मनोरमाबाई त्यांच्या उजव्या हातासारख्या झाल्या होत्या. परदेशी शिकून आल्यावर त्यांनीही आपले ज्ञान येथेच खर्ची घातले. अंध मुलींस बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी त्यांनी शिकविली. बोटे ही डोळ्यांचे काम करू शकतात, हे त्या मुलींनी दाखवून दिले. आपला बीड जिल्हा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील गुलबर्ग्यास 1912-13 च्या सुमारास मायलेकींच्या प्रयत्नाने ख्रिस्ती शाळा निघाली आणि मनोरमाबाई तेथील मुख्य झाल्या. परंतु 24 जुलै 1921 रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. सर्व कार्य जिच्या हाती सोपवावयाचे तीच आधी गेली. बाईंनी तो घावही सोसला आणि भाषांतराची पाने तपासण्याचे काम सोडले नाही. ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण शास्त्र 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून छापून निघाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांचे व मुलांचे घर आहे.

मित्रहो, प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला, आणि प्रेषित पौल शुभवर्तमान सांगत असताही राहुट्या करून आपले पोट भरी. रमाबाई ह्याच परंपरेतील होत्या. त्यांनी विद्या सोडून हात धरले नाहीत, आणि हात हीन मानून विद्या धरली नाही. तुमच्यापैकी काही जण पुढे मोठ्या शहरी, कदाचित समुद्रापलीकडेही जातील. जरूर जावे. परंतु परत याल तेव्हा गावाने तुम्हांस विचारावे की तेथून काय शिकून आलात, आणि तुम्हांस ते हाताने करून दाखविता यावे. आणि ज्या आईबापांनी कोयता चालवून तुमची फी भरली, त्यांच्या हातांवरील घट्टे पाहून तुम्हांस कधी लाज वाटू नये. तुमच्या विद्येचा पाया त्या हातांनी घातला आहे.