बाबासाहेबांचा राजीनामा आणि बहिणीचा सातबारा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या पोटी झाला. ज्याच्या हाती जमीन त्याच्या हाती गाव, हे वास्तव त्यांनी जाणले होते. म्हणूनच १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले आणि १९३७ साली कोकणातील खोतीवर घाव घातला.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाल्यावर हीच लढाई ते स्त्रियांसाठी लढले. त्या काळी मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा वाटेकरी होई, मुलगी मात्र नाही. विधवेला हिस्सा मिळालाच तर तो हयातीपुरता. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सुचविला होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने १९४८ साली तो मुलाइतकाच केला आणि स्त्रीला मिळकतीची पूर्ण मालकी देऊ केली. सनातन्यांनी रान उठविले. बिल रखडविले गेले. इतरही कारणे होती, पण हिंदू कोड बिलाचा हा घात सहन न होऊन २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, परंतु जन्मसिद्ध वाटा मुलांकडेच ठेवला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मुलीला तो वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

हा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. मग आमच्या वस्त्यांत काय घडते? वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंद होते आणि पाठोपाठ बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. वकिली करताना आम्ही हे वारंवार पाहतो. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी सत्ता सोडली, तो हक्क बाबासाहेबांचा जयजयकार करणारा भाऊच एका सहीने काढून घेतो. यात मनुवाद्यांना दोष कसा द्यावा?

बंधूंनो, जयंतीच्या मिरवणुकीत अवश्य नाचा. पण त्याआधी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे का, ते पाहा. आणि भगिनींनो, वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. जय भीम!