डॉ. कोटणीस : पोहोचणे आणि राहणे

पोंभुर्ण्यासारख्या अरण्यप्रदेशातील गावात डॉक्टरचे मोल त्याच्या पदवीवरून ठरत नाही. ते अंतरावरून ठरते. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन उजाडण्याची वाट पाहणाऱ्या मातेला, दवाखाना किती सुसज्ज आहे यापेक्षा तो किती दूर आहे आणि तेथे कोणी आहे की नाही, हाच प्रश्न मोठा असतो. येथे डॉक्टर येतो, ही एक घटना असते. तो राहतो, ही त्याहून मोठी. हा फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र दूरच्या चीन देशात घडलेले असूनही परके वाटू नये.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढील पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करू लागले. त्यांच्यापुढे मळलेली आणि सुरक्षित वाट होती. आणखी एक पदवी, मग शहरातील व्यवसाय, कुटुंबाला स्थैर्य. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरातील मुलगा डॉक्टर होतो, तेव्हा घराने त्याच्याकडून बाळगलेल्या अपेक्षा काय असतात, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चीनकडे सैनिक होते. परंतु जखमी सैनिकाची जखम शिवणारे हात अत्यंत थोडे होते. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, ज्याच्या खेड्यापाड्यांत डॉक्टर औषधालाही सापडत नव्हता, त्याने दुसऱ्या पीडित देशासाठी डॉक्टर धाडावे, यात काहींना विसंगती दिसेल. परंतु परराष्ट्राशी स्वतःच्या इच्छेने नाते जोडण्याचा अधिकार त्या कृतीने हिंदुस्थानने स्वातंत्र्यापूर्वीच बजावला, हे विसरता येत नाही.

पथकात पाच जण होते. स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा केलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. त्यांच्यासोबत कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे, वयाने ज्येष्ठ असलेले डॉ. चोळकर. कोटणिसांच्या कीर्तीच्या प्रकाशात चोळकरांचे नाव झाकोळले, तरी या मोहिमेत विदर्भाचाही वाटा होता, याची आठवण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने अवश्य ठेवावी.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून निघालेले हे पथक १७ सप्टेंबरला कँटनला पोहोचले. स्वागतास डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग आल्या होत्या. परंतु स्वागताचा सोहळा फार काळ टिकणारा नव्हता. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन पडले आणि पथकाला जेथे काम करावयाचे होते ते हँकोही जपान्यांच्या हाती गेले. यांगत्से नदीच्या काठाकाठाने मागे सरकत पाचही जण चुंगकिंगला आले. भाषा अनोळखी, अन्न अनोळखी, थंडी जीवघेणी आणि डोक्यावर विमानांची घरघर. सेवेच्या उदात्त कल्पनेची पहिली कसोटी रणांगणावर लागत नाही. अशा भटकंतीत, काम हाती नसलेल्या दिवसांतच ती लागते.

कोटणिसांची कसोटी तर याहून कठोर होती. चुंगकिंगमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. परत जाण्यास सबळ कारण होते आणि परतले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. तरीही ते थांबले. या निर्णयाची किंमत सोलापुरातील घरानेही मोजली, हे त्यांचा गौरव करताना विसरणे अन्यायाचे ठरेल. परोपकाराचे ओझे एकटा परोपकारी कधीच वाहत नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. चीनमध्ये या पाचही जणांच्या नावांना चीनचा वाचक असा ‘ह्वा’ हा शब्द जोडला गेला आणि कोटणीस ‘के ती-ह्वा’ झाले. पुढे चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. यथावकाश अटलही परतले. त्यांनी आपले कर्तव्य पार पाडले होते. कोटणीस आणि बसू मात्र उत्तर चीनमधील, जपानी सैन्याने वेढलेल्या सीमाप्रदेशात गेले. तेथे काम करणारे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून हे शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मृत्यू पावले होते. त्यांची जागा रिकामी होती.

१९४० च्या मोठ्या लढाईत कोटणिसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले; एका प्रसंगी तर सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. रुग्णालय म्हणजे भक्कम इमारत नव्हे. शत्रूची चाहूल लागताच रुग्ण, औषधे आणि हत्यारे यांसह ते डोंगरांतून हलवावे लागे. तथापि कोटणिसांचे खरे मोठेपण शस्त्रक्रियांच्या संख्येत शोधू नये. ते चिनी भाषा शिकले. इतकी, की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. एका डॉक्टरचे दोन हात कितीसे पुरणार? त्यांनी शिकवून तयार केलेले हात मात्र त्यांच्या मागेही राबत राहिले.

१९४१ च्या अखेरीस परिचारिका क्वो चिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन-ह्वा’, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुत्र यिन-ह्वा हाही वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. क्वो चिंग-लान यांनी भारताशी नाते अखेरपर्यंत जपले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने कोटणीस घरोघरी पोहोचले. १९६२ मध्ये सीमेवर तोफा धडाडल्या आणि दोन देशांमधील मैत्रीच्या घोषणा विरून गेल्या. परंतु चीनमधील शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात कोटणिसांची समाधी आजही जपलेली आहे. राज्याराज्यांतील स्नेह हितसंबंधांच्या तराजूत तोलला जातो; रुग्णाच्या उशाशी बसून जोडलेले नाते त्या तराजूत मावत नाही.

सेवा करावयास परदेशीच गेले पाहिजे, असे मात्र नाही. मुंबई-पुण्यात शिकलेला तरुण डॉक्टर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उतरतो, तेव्हा गोंडी, माडिया वा तेलुगू बोलणाऱ्या रुग्णापुढे तोही एका परक्या मुलखातच आलेला असतो. तेथे पोहोचण्यास बदलीचा हुकूम पुरतो. तेथे राहण्यास मात्र रुग्णाची भाषा शिकण्याची नम्रता लागते आणि आपण गेल्यावरही काम चालावे म्हणून इतरांना शिकविण्याची दृष्टी लागते. कोटणीस त्या परक्या देशात चारच वर्षे जगले. पण त्या चार वर्षांत ते तेथले झाले. अरण्यातील माणूस डॉक्टरची वाट पाहतो, ती अशाच डॉक्टरची.