मराठी शाळेतले ज्योतिर्विद : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु ते जन्मभर मराठी शाळांतून व शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजांतून शिकविणारे एक मास्तर होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी चरित्र लिहिण्याची आज्ञा झाली तेव्हा आमच्यापुढे पराक्रमी पुरुषांची नावे काही थोडी नव्हती. तरीही आम्ही हे नाव निवडले, कारण परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या अभ्यासाशी या चरित्राचा फार जवळचा संबंध आहे. आम्ही स्वतः विज्ञानाचे पदवीधर नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकविलेले गृहस्थ. तेव्हा गणिताच्या खोल पाण्यात शिरण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड या समुद्रकाठच्या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. काही काळ दापोलीस उमेदवारी केल्यावर १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले व तेथील तीन वर्षांचा क्रम त्यांनी पुरा केला. १८७४ साली ते मॅट्रिक झाले, आणि त्यांचे परीक्षांचे शिक्षण तेथेच संपले. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. बदलीच्या नोकरीची आम्हांस चांगली ओळख आहे. बिऱ्हाड हलविताना पुस्तकांची पेटी सर्वांत जड लागते व तीच प्रथम मागे राहते. दीक्षितांची ती कधी मागे राहिली नसावी.

शिक्षक म्हणून त्यांची दृष्टी कशी होती, हे त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनच कळते. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’, ‘सृष्टचमत्कार’, ‘सोपपत्तिक अंकगणित’. यांतील शेवटचे नाव आम्हांस विशेष वाटते. उपपत्ती म्हणजे नियमामागचे कारण. अपूर्णांकाने भागताना भाजक उलटा करून गुणावे, हे आपल्या घरातील सहावीसातवीतले मूल घडाघडा सांगते; पण उलटा का करावयाचा, असे विचारले की ते आईकडे पाहते आणि आई आमच्याकडे! शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी एका मास्तरास अंकगणित कारणांसह शिकवावे असे वाटले, आणि आज मंडळ परीक्षेत नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्या मुलाचा त्या कारणाशी परिचय नसतो. दिल्लीच्या शाळांना आम्ही वेगळा दोष देत नाही. महाराष्ट्रातही फारसे निराळे चित्र नाही.

‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्याचे दुसरे नाव. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, शाळेच्या एका तासाहून किंचित अधिक. आकाशाचे शास्त्र सोप्या मराठीत सांगता येते, त्यासाठी इंग्रजीची शिडी लागत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

याच वृत्तीने ते पंचांगाच्या वादात पडले. वसंतसंपात दर वर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरकतो. बहात्तर वर्षांत जवळजवळ एक अंश. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीस, त्याचे मूळ येथे आहे. पंचांग आकाशाशी जुळावे म्हणून केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग काढले होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व दीक्षित हे त्याही पुढे जाऊन सायन पंचांगाचे, म्हणजे संक्रांत खऱ्या अयनाशी बांधणाऱ्या गणनेचे, पुरस्कर्ते झाले. लोकांनी ते स्वीकारले नाही. सण हे केवळ गणिताने चालत नाहीत, आणि आमच्या मते या बाबतीत लोकांचेही अगदीच चुकले असे म्हणता येत नाही. पण गंमत अशी की, १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे मराठी सभासद होते. आणि २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले, त्याचे नागरी वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. सण जुन्या निरयन पद्धतीने राहिले, सरकारी दिनांक सायन झाला. राजपत्रावरील शके दिनांक आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो, पण त्यामागे कोणत्या शाळामास्तरांनी डोके शिणविले होते, हे कचेरीत कोणी सांगितले नाही.

दीक्षितांचे सर्वांत गाजलेले संशोधन मात्र इतके साधे आहे की ते मुलांना गच्चीवर नेऊन दाखविता येते. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख आहे. पिढ्यान्‌पिढ्या पंडितांनी तो वाचला होता. दीक्षितांनी त्यापुढे एक प्रश्न ठेवला : कृत्तिका नेमक्या पूर्वबिंदूवर केव्हा उगवत असतील? जो तारा खगोलीय विषुववृत्तावर असतो तोच ठीक पूर्वेस उगवतो. संपाताची गती ठाऊक असल्यामुळे कृत्तिका त्या वृत्तावर केव्हा होत्या ते मोजता आले, आणि उत्तर इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असे आले. त्या वचनाचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा काय, याविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले व ते आजही मिटलेले नाहीत. पण ग्रंथातील वाक्य आकाशाशी ताडून पाहण्याची ही रीत कोणाला नाकारता आली नाही.

पहाडगंजातील गच्चीवरून हा प्रयोग कोणासही करता येईल. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य ठीक पूर्वेस उगवतो. ती जागा कठड्यावर खडूने खुणावी. मग कार्तिकात सायंकाळी कृत्तिका कोठे वर येतात ते पाहावे. दिल्लीच्या धुरकट क्षितिजामुळे त्या थोड्या उशिराच दिसतील. तरीही खुणेच्या पुष्कळ डावीकडे, उत्तरेस दिसतील. आज त्या येथे पूर्वबिंदूपासून सुमारे २८ अंशांवर उगवतात. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची मानली, तर जवळजवळ तीन मुठींचे अंतर. पाच हजार वर्षांत आकाश किती हलले, ते मुलाच्या स्वतःच्या मुठीत येते. सवाई जयसिंहाने १७२४ मध्ये बांधलेले जंतरमंतर आपल्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. आपण पाहुण्यांना ते दाखवितो, छायाचित्र काढतो आणि परत येतो. दीक्षितांनी आपल्या ग्रंथात जयसिंहाचीही दखल घेतली आहे.

तो ग्रंथ म्हणजे १८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. मूळ निबंधास दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक मिळाले होते. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा हा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला, शाळेची नोकरी सांभाळून. त्याआधी गुप्त शकाचा आरंभ ठरविण्याच्या कामी फ्लीट यांनी त्यांच्या गणिताचे साहाय्य घेतले होते. आणि त्याच १८९६ साली रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव एका सनदी इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीने मुखपृष्ठावर आले.

त्यानंतर त्यांस फार आयुष्य लाभले नाही. २० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चे हिंदी भाषांतर १९५७ साली उत्तर प्रदेशातून निघाले. इंग्रजी भाषांतर प्रा. रा. वि. वैद्य यांनी केले व ते भारत सरकारने दोन भागांत छापले. पहिला १९६९ मध्ये, दुसरा १९८१ मध्ये. सरकारी प्रकाशनांचे जे कार्यालय ते विकत असे, ते सिव्हिल लाइन्समध्ये, पहाडगंजापासून काही मैलांवरच होते. आपल्या घरांतील पुष्कळ नातवंडांना आता मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्यांना दीक्षित भेटतील ते याच भाषांतरांतून. मूळ पुस्तक त्यांच्या हाती द्यावयाचे तर आधी त्यांच्याजवळ बसून ते मोठ्याने वाचून दाखवावे लागेल.