फादर स्टीफन्स

इ. स. १५७९ च्या एप्रिल महिन्याची ४ तारीख होती. पोर्तुगालमधील लिस्बन बंदरातून पाच गलबते हिंदुस्थानच्या दिशेने निघाली. त्यांपैकी एका गलबतावर तीस वर्षांचा एक इंग्रज तरुण होता. त्याचे नाव टॉमस स्टीफन्स. व्यापार करून धन मिळवावे किंवा एखादा मुलूख जिंकावा, असा त्याचा हेतू नव्हता. आपणांस प्रिय असलेला धर्म दूरच्या लोकांना सांगावा, या एकाच इच्छेने तो मायभूमी सोडून निघाला होता. पुढे आपल्या हातून मराठीत एक मोठा काव्यग्रंथ लिहिला जाईल, याची त्याला त्या वेळी कल्पनाही नव्हती.

टॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडवर एलिझाबेथ राणीचे राज्य होते, आणि रोमन कॅथलिक पंथाच्या लोकांना आपली उपासना उघडपणे करण्याची मुभा नव्हती. स्टीफन्स याच पंथाचे होते. टॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन धर्मकार्याला वाहून घ्यावे, असे त्यांनी ठरविले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. तेथे इ. स. १५७५ मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. हिंदुस्थानात जाऊन आलेल्या धर्मगुरूंच्या हकिगती त्या संघात मोठ्या आदराने वाचल्या जात. आपणही तिकडे जावे, अशी ओढ त्यांना लागली.

त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचे संकटच होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडला म्हणजे शिडे लोंबकळत राहत आणि गलबत दिवसेंदिवस एका जागी खिळून जाई. ताज्या अन्नाच्या अभावी खलाशांच्या हिरड्या सुजत, अंगे जड होत आणि कित्येकजण अंथरुणाला खिळत. असा सहा महिन्यांहून अधिक काळ काढून स्टीफन्स त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २४ तारखेला गोव्यास उतरले. थोड्याच दिवसांनी, म्हणजे १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वाटेत दिसलेले पक्षी, मासे, वारे, आजारपण या साऱ्यांचे वर्णन त्यांनी त्यात केले. हे पत्र पुढे इ. स. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रवाससंग्रहात छापले गेले. पत्र घरी पोहोचले. पत्र लिहिणारा मात्र पुन्हा कधी घरी परतला नाही.

गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि सासष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. भोवतालचे लोक घरी कोकणी बोलत, आणि पुराणे व भक्तिकाव्य मराठीतून ऐकत. स्टीफन्स यांना यांपैकी एकही भाषा येत नव्हती. ज्यांच्याशी बोलायचे त्यांची भाषाच ठाऊक नसेल, तर बोलणे केवळ कानांवर आदळते, मनापर्यंत जात नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून उपदेशक म्हणून आलेला हा पुरुष आधी विद्यार्थी झाला.

तो काळ शांततेचा नव्हता. गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती आणि त्या सत्तेच्या बळावर सासष्टीतील देवळे पाडली जात होती. लोकांच्या मनांत संताप साठला होता. इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी त्याचा भडका उडाला. तेथे आलेले पाच येशूसंघीय आणि त्यांच्या सोबतचे काही जण गावकऱ्यांकडून मारले गेले. मेलेल्यांत स्टीफन्स यांचे सहकारी होते. त्यांची प्रेते मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून ठार केले. अशा प्रकारे दोन्ही बाजूंचे रक्त सांडले. या प्रसंगानंतरही स्टीफन्स सासष्टी सोडून गेले नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र पाठविले. कुंकळ्ळीची हकिगत त्यांनी त्यात कळविली. माडाच्या झाडाचे नाना उपयोगही वर्णन केले. शिवाय, येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या घडणीशी जुळते, असे आपले निरीक्षण त्यांनी नोंदविले. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी, इ. स. १७८६ मध्ये, सर विल्यम जोन्स या पंडिताने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते विद्वानांपुढे मांडले. त्या नात्याची चाहूल स्टीफन्स यांना केव्हाच लागली होती.

वर्ष संपण्यापूर्वी आणखी एक घटना घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी चार इंग्रजांना हेर समजून पकडण्यात आले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ते स्टीफन्स यांच्या पंथाचे नव्हते. ज्या देशात स्टीफन्स यांच्या मित्राला उपासनेसाठी तुरुंगवास भोगावा लागत होता, त्याच देशाचे ते व्यापारी होते. तरीही स्टीफन्स त्यांच्या मदतीला धावले आणि त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी त्यांनी खटपट केली. संकटात सापडलेल्याला त्याचा पंथ विचारावयाचा नसतो, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

सासष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक मोठी अडचण होती. त्यांची पूर्वीची पुराणे आणि पोथ्या त्यांच्याकडून काढून घेण्यात आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पोथी ऐकणाऱ्या घरांत आता ऐकावयास काहीच उरले नव्हते. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका ब्राह्मणाने स्टीफन्स यांना याविषयी विचारले. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. स्टीफन्स यांनी ही कथा आपल्या ग्रंथातच सांगितली आहे. या प्रश्नाने ते रागावले नाहीत. त्यांना त्यातील तळमळ पटली आणि त्यांनी लेखणी हाती घेतली.

तिकडे पैठणास संत एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. मराठीतील ओवी घरोघर रुळलेली होती. स्टीफन्स यांनीही तोच छंद निवडला. ख्रिस्ताचे चरित्र आणि त्यापूर्वीच्या बायबलातील कथा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफल्या. हाच त्यांचा ख्रिस्तपुराण हा ग्रंथ. त्याचे दोन भाग आहेत. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द त्यांनी वापरला. कारण ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दांतून नवी गोष्ट सांगावी, अशी त्यांची रीत होती. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठी भाषेची मनापासून स्तुती केली आहे. परक्या देशात जन्मलेल्या माणसाने मराठीचा केलेला हा गौरव मराठी वाचकांना आजही कौतुकाचा वाटतो.

ग्रंथ तयार झाला, पण तो छापावयाचा कसा? गोव्यात छापखाना इ. स. १५५६ मध्येच आला होता. परंतु तेथे मराठी अक्षरांचे खिळे नव्हते. रोमन लिपीला थोडे साचे पुरतात. आपल्या लिपीत काना, मात्रा आणि जोडाक्षरे असल्यामुळे शेकडो साचे पाडावे लागतात. तसे खिळे पाडण्यास परवानगी मिळावी, अशी विनंती स्टीफन्स यांनी इ. स. १६०८ मध्ये रोममधील आपल्या प्रमुखांना केली. ती इच्छा पुरी झाली नाही. अखेर इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे हे मराठी काव्य रोमन लिपीत छापले गेले.

कोकणीसाठीही त्यांनी मोठे काम केले. ख्रिस्ती धर्माची शिकवण सांगणारे पुस्तक त्यांनी कोकणीत लिहिले आणि त्या भाषेचे व्याकरण रचले. इ. स. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा अंत झाला. धर्मशिकवणीचे ते पुस्तक इ. स. १६२२ मध्ये, तर व्याकरण इ. स. १६४० मध्ये छापून निघाले. कोकणीचे ते पहिले छापील व्याकरण होय.

ज्या भाषांची त्यांनी अशी सेवा केली, त्यांवर पुढे संकट कोसळले. इ. स. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. परंतु हुकमाने भाषा मरत नाही. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती कालांतराने नाहीशा झाल्या. त्याच्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी हाताने लिहिलेल्या प्रती ख्रिस्ती कुटुंबांनी जिवापाड जपल्या. उपवासकाळात त्यातील ओव्या गायिल्या जात राहिल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि इ. स. १९५६ मध्ये तो पुण्यास देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाला. स्टीफन्स यांनी धरलेली इच्छा त्यांच्या मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी अशी पुरी झाली.

फादर स्टीफन्स आपल्या धर्माचा प्रसार करण्यासाठी येथे आले होते आणि त्या कार्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. मात्र ते करताना त्यांनी या भूमीच्या भाषेपुढे शिष्यासारखे नम्र होऊन बसणे पसंत केले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी सत्तेचा आधार घेतला. तो आधार काळाबरोबर नाहीसा झाला. स्टीफन्स यांच्या ओव्या मात्र मराठी वाङ्मयात टिकून राहिल्या आहेत.