उकिरड्यात हवा खेळवणारा शास्त्रज्ञ

खताचा खड्डा अर्जुनी मोरगावच्या परिसरात कुणाला नवा नाही. हा भाताचा मुलूख. गोठ्यातले शेण, गुरांनी उरवलेली तणस, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा हे सारे वर्षभर घराजवळच्या उकिरड्यात पडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर बैलबंडीत भरून बांध्यांमध्ये जायचे. आता गुरे कमी झाली, चुलीची जागा गॅसने घेतली, गावाची नगरपंचायत झाली. भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली आणि झाडलेली पाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घराबाहेर जाऊ लागली. ओला कचरा वेगळा द्या, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी देशभर सांगितले. पण तो वेगळा का द्यायचा आणि वेगळा दिल्यावर त्याचे नेमके काय व्हायला हवे, हे मात्र फारसे कुणी समजावून सांगत नाही. त्याचे उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात एका इंग्रज माणसाने शोधले. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून जग त्याला ओळखते. कंपोस्टची त्याची रीत आजही इंदूर पद्धत याच नावाने शिकवली जाते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे उत्तम शिक्षण झाल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर गेले. तिथे त्यांचे काम पिकांवरील बुरशीचे रोग ओळखण्याचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसत होता, त्याला नावही देता येत होते. पण शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, तर तो स्वतःच्या शेतात आधी करून पाहायला हवा, आणि हॉवर्ड यांच्याकडे स्वतःची एक वावभरही जमीन नव्हती. ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. पुढे जिथे गेले तिथे त्यांनी आधी जमीन मागितली.

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गॅब्रिएल यांचा उल्लेख केवळ पत्नी म्हणून करणे अन्यायाचे होईल. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या शरीरक्रियेवर त्यांनी स्वतंत्र संशोधन केले होते, आणि पुढची पंचवीस वर्षे दोघांचे काम एकत्रच झाले. पुसा गव्हाचे प्रसिद्ध वाण या जोडीचे. सरकारी नेमणुकीत त्यांना मात्र दुय्यम पदच मिळाले. हॉवर्ड यांच्या नावावर जमा झालेल्या बऱ्याच कामात त्यांचा निम्मा वाटा आहे, हे आज मान्य व्हायला हरकत नसावी.

पुसा येथे हॉवर्ड यांनी एक वेगळी गोष्ट केली. आजूबाजूचे शेतकरी रासायनिक खत आणि औषधफवारणी यांच्यावाचून बऱ्यापैकी निरोगी पीक काढतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. कीड आणि रोग हे दुसरे गुरू. कीड आली म्हणजे जमिनीत किंवा मशागतीत काही चुकते आहे, असा त्यांचा विचार. मात्र शेतकऱ्यांची एक अडचणही त्यांनी पाहिली. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या, गोमूत्र गोठ्याच्या मातीत जिरून वाया जात होते आणि पालापाचोळा जाळला जात होता. जमिनीतून दरवर्षी काढायचे आणि परत काहीच द्यायचे नाही, हा व्यवहार किती दिवस चालणार?

या प्रश्नावर मोकळेपणाने काम करण्याची संधी १९२४ मध्ये मिळाली. इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थानांनी पैसा दिला आणि तिथे नवी कृषी संशोधन संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. इथे त्यांना एक मराठी सहकारी लाभला, यशवंत वाड. रसायनशास्त्राची बाजू वाड यांनी सांभाळली. त्या संस्थेच्या गोठ्यांत आणि खड्ड्यांत सात वर्षे जे प्रयोग झाले, त्यांतून कंपोस्टची रीत ठरत गेली. १९३१ मध्ये निघालेल्या त्या कामावरील पुस्तकावर लेखक म्हणून हॉवर्ड आणि वाड या दोघांचीही नावे आहेत.

रीत ऐकायला साधी आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त दोन-तीन फूट खोल असे खड्डे. त्यांत शेतातला सगळा काडीकचरा, पण मिसळून. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या कडक, त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या आणि बंड्यांच्या चाकांखाली चिरडल्या गेल्या की उचलायच्या. हिरवे तण आधी सुकवायचे. या मिश्रणावर गुरांच्या पायांखालचा कचरा, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती, थोडी राख आणि पाण्यात कालवलेले ताजे शेण यांचे थर द्यायचे. ढीग पायांनी तुडवायचा नाही. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी असे तीनदा वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार.

यात नवीन काय, असे कुणीही जुना शेतकरी विचारील. चीनमधले शेतकरी शतकानुशतके असे खत करत होते आणि हॉवर्ड यांना ते ठाऊक होते. नवीन होता तो हिशेब. कचरा कुजवणाऱ्या जंतूंना चार गोष्टी लागतात: कोरडा काडीकचरा, ओला किंवा शेणमुताचा भाग, पाणी आणि हवा. कोरड्यात कार्बन जास्त, ओल्यात नत्र जास्त. नत्राच्या एका भागाला कार्बनचे साधारण तीस भाग असले की जंतू जोमाने वाढतात. हवा मिळाली की ढीग आतून तापतो, इतका की हात घालवत नाही. तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. काही दिवसांनी आतली हवा संपते आणि ढीग थंड होऊ लागतो. वरखाली केला की पुन्हा तापतो. हॉवर्ड आणि वाड यांनी हे तापमान दिवसेंदिवस मोजले आणि आपल्या उकिरड्याचे दुखणे कुठे आहे ते त्यातून उघड झाले. उकिरड्याला हवा मिळत नव्हती.

वैद्यकाच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट हीच. हवा नसलेला ढीग सडतो. त्याला घाण वास येतो, काळे पाणी झिरपते, माश्या अंडी घालतात आणि उंदीर बिळे करतात. हे पाणी आणि पिशव्यांचा कचरा नालीत गेला की नाली तुंबते. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो, आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्याला हत्तीरोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. उलट नीट हवा मिळालेला ढीग तापतो आणि त्या उष्णतेत माश्यांच्या अळ्या मरतात. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलेल्या ढिगात जंताची अंडी आणि आतड्याच्या रोगांचे बहुतेक जंतूही टिकत नाहीत. दोन्ही ढिगांत कचरा तोच. एकातून रोगराई निघते, दुसऱ्यातून खत.

गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये जिनिव्हात अकाली निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड नोकरी सोडून इंग्लंडला परतले. इंदूरचे काम मात्र थांबले नाही, आणि आजच्या कचरागाडीशी ज्याचे थेट नाते आहे तो भाग यानंतरचा आहे. शेतातल्या कचऱ्याला लागू पडणारी रीत वस्तीच्या कचऱ्याला लागू पडेल का, हे वाड यांनी जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्यासह तपासले. इंदूर शहर, रेसिडेन्सीची वसाहत आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी अशा तीन ठिकाणी घरोघरचा केरकचरा आणि मैला एकत्र करून कंपोस्ट केले गेले. १९३४ मध्ये त्याचा अहवाल निघाला. मध्य भारतातील काही संस्थानांनी आणि देशातल्या काही नगरपालिकांनी ही पद्धत उचलली. पुढे बंगळूरला आचार्य यांनी ढीग वरखाली न करता मातीने लिंपून ठेवण्याची दुसरी रीत बसवली. तिला वेळ जास्त लागतो, पण मजूर कमी.

या कामाची एक बाजू झाकून चालणार नाही. मैला हाताने उचलण्याचे काम त्या काळी ठरावीक जातींच्या माथी मारलेले होते आणि शास्त्रीय अहवालांत त्याबद्दल फारसा खेद दिसत नाही. त्याच वर्षांत कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन भंगीकाम स्वतःच्या हाताने करता यावे म्हणून तुरुंगात उपोषण करत होते, हे आठवले म्हणजे फरक कळतो. आज हाताने मैला उचलायला लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. घरचा ओला कचरा उचलणाऱ्यांनाही हातमोजे, बूट आणि धनुर्वाताची लस मिळायलाच हवी.

इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांचा पुढचा काळ प्रचारात गेला. मळेवाल्यांनी, विशेषतः चहा आणि कॉफीच्या मळ्यांनी, इंदूर पद्धत उत्साहाने घेतली. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. शास्त्रज्ञांच्या जगाशी मात्र त्यांचे बिनसत गेले. १९४० च्या पुस्तकात त्यांनी रासायनिक खतांवर आणि प्रयोगशाळेत बसून शेतीचे तुकडे करणाऱ्या संशोधनावर कडाडून टीका केली. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त.

इथे थोडे सावध राहावे लागते. पुसा येथील आपले बैल लाळखुरकताच्या जनावरांच्या नाकाला नाक लावूनही आजारी पडले नाहीत आणि त्याचे कारण चांगल्या मातीतला चारा, असे हॉवर्ड सांगत. निरीक्षण खरे असेल, पण निष्कर्ष त्याला पेलवत नाही. त्या बैलांना पूर्वी हा रोग होऊन गेला असेल, देशी जनावरांत तो सौम्यही असतो, आणि तुलनेसाठी शेजारी दुसरा कळप ठेवला नव्हता. कंपोस्टवरचा भाजीपाला खाल्ला की माणसाला रोग होत नाहीत, हेही कुणी सिद्ध केलेले नाही. लाळखुरकताची लस आहे ती टोचावी. हॉवर्ड यांची मोठी कामगिरी खड्ड्यात आहे, आणि ती तिथे तापमापीने मोजून दाखवलेली आहे.

घरगुती कंपोस्टच्या बाबतीत त्याच मोजमापाचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. बादलीतला किंवा छोट्या टोपलीतला ढीग इंदूरच्या खड्ड्याइतका तापत नाही. म्हणून त्यात लहान मुलांचे डायपर, कुत्र्यामांजराची विष्ठा, मांस-मासळीचे उरलेले असे काही टाकू नये. नुसता स्वयंपाकघरातला ओला कचरा घातला तर तो चिकट होतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. एक टोपले ओल्याला दोन टोपली सुका पाला किंवा तोडलेली तणस घातली आणि आठवड्यातून एकदा काठीने हलवले, तर वास येत नाही. ओल इतकीच हवी की मूठ आवळल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. परसातली पाने जाळणाऱ्यांना हे विशेष सांगायला हवे, कारण त्या धुराने दम्याचे आणि लहान मुलांच्या खोकल्याचे रुग्ण वाढतात, आणि जो कोरडा माल खड्ड्याला हवा असतो तोच जळून जातो.

गाडीत देताना प्लास्टिक वेगळे का, याचेही उत्तर याच खड्ड्यात आहे. पिशवीत बांधलेल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, त्यामुळे तो खत न होता सडतो. पिशवीसकट उकिरड्यावर फेकला तर गाई अन्नाच्या वासाने पिशवीही गिळतात. फुटलेल्या काचा आणि सुया त्यात गेल्या, तर पहिली जखम कचरा निवडणाऱ्याच्या हाताला होते. एकदा मिसळलेला कचरा नंतर वेगळा करायला कितीही माणसे लावली, तरी खत काचेचे आणि चिंध्यांचे निघते आणि शेतकरी ते बांधीत टाकू देत नाही.

भाताच्या मुलखात हॉवर्ड यांच्या पद्धतीत एक बदल करावाच लागतो. माळव्यात पाऊस कमी. इथे आषाढ-श्रावणात उघडा खड्डा पाण्याने भरतो आणि आतली हवा संपते. पावसाचे हे भान हॉवर्ड यांनाही होते, चौमासात ढीग खड्ड्याऐवजी जमिनीवर रचावा असे त्यांनी सुचवले होते. उंच जागेवर, कडेने चर खणून आणि वर तणसाचे छप्पर घालून रचलेला ढीग भर पावसातही तापतो.

सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये वारले. भारत स्वतंत्र होऊन दोनच महिने झाले होते. ज्या रीतीला त्यांनी स्वतःचे नाव न देता इंदूरचे दिले, तिचे खड्डे तोवर अनेक देशांत खणले गेले होते.